कुंपणातली पिवळी फळे

जळगाव आणि धुळ्याच्या नव्या वस्त्यांत घर बांधून झाले की फाटकाच्या दोन्ही अंगांना एकसारख्या रोपांची ओळ लावायची पद्धत पडली आहे. रोपे नर्सरीतून शेकड्याने येतात, पिशव्या फाडून चरात बसवली जातात, आणि पुढे वर्षानुवर्षे माळी कात्री चालवून त्यांची हिरवी भिंत राखतो. त्या झुडपाचे नाव या सगळ्या काळात कुणी विचारत नाही. मग कधी माळी यायचा थांबतो, कधी घराला कुलूप लागते, आणि एक अख्खा पावसाळा कात्रीविना जातो. झुडूप डोक्याच्या वर जाते, फांद्या बाहेर झुकतात, शेंड्यांना निळसर जांभळ्या फुलांचे तुरे लोंबू लागतात, आणि दिवाळीच्या आगेमागे त्याच तुऱ्यांवर पिवळीधमक, पिकली की नारिंगीकडे झुकणारी फळे घोसांनी धरतात. आता मात्र येणारा-जाणारा थबकतो. धुळ्याकडे विचारतात, "हाई काय शे?" आणि त्याच्या पाठोपाठ पोरांचा प्रश्न येतोच: खातात का हे?

या दोन प्रश्नांच्या मध्ये जे काम करायचे असते ते आपण हल्ली गाळूनच टाकतो. फळ दिसते, ते कशासारखे तरी वाटते, आणि त्या वाटण्यालाच आपण ओळख म्हणतो. माझे म्हणणे असे आहे की अनोळखी झुडूप ओळखताना फळाचा रंग आणि आकार हा सर्वांत कच्चा पुरावा आहे. पान, पेरे, काटा आणि फूल यांना आधी विचारावे, फळाकडे शेवटी जावे, आणि जायचे तर ते फोडून आत पाहावे. शिवाय नुसते 'हे अमुक असावे' म्हणून भागत नाही. 'हे तमुक का नाही' याचे उत्तर देता आले, तरच ओळख पटली असे समजावे.

फळ कच्चा साक्षीदार का, याचे कारण फळाच्या कामात आहे. गरदार फळ झाडावर पिकते ते पाखरांच्या डोळ्यांत भरण्यासाठी. बुलबुल, साळुंकी यांनी ते दुरून पाहावे, गिळावे आणि बी लांब नेऊन टाकावे, एवढ्यासाठी त्याचा लाल, पिवळा किंवा काळा रंग असतो. गिऱ्हाईक तेच, म्हणून एकमेकांशी काही नाते नसलेली झाडेही सारखाच माल मांडतात. उलट पान फांदीवर कसे बसते, फुलाला पाकळ्या किती, फुलोरा कुठून निघतो, या गोष्टी झाडाला कुळाकडून आलेल्या असतात आणि त्या सहजी बदलत नाहीत. खानदेशात याचा दाखला शोधायला रानात जायला नको, स्वयंपाकघर पुरेसे आहे. जळगावचे भरताचे वांगे आणि जळगावची केळी, दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ही दोन्ही मृदुफळे, म्हणजे एकाच प्रकारची फळे. पण दोघांच्या कुळांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि बांधावरच्या कामोणीचे ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठे काळे फळ दिसायला वांग्यापासून कितीही दूर असले, तरी कामोणी ही वांग्याची सख्खी भाऊबंद. हे नाते फळाच्या रंगातून कळत नाही. देठाशी फळाला धरून बसलेला पाच पात्यांचा हिरवा निदलपुंज, पाच टोकांचे फूल आणि मधोमध उभा पिवळा पुंकेसरांचा झुबका पाहिला की कळते. वांग्याचे फूल आणि कामोणीचे फूल शेजारी ठेवून पाहावे. रंग आणि माप सोडले तर घडण एकच.

आता कुंपणातल्या त्या पिवळ्या फळांच्या झुडपाकडे वळू. खानदेशात त्याच्यावर संशय घ्यावा अशी नावे बरीच आहेत. बागेतली कुंती आहे, तिला नारिंगी-लाल फळे येतात. रातराणी आहे, तिला पांढरी फळे धरतात. रानातली पांढरफळी आहे, ओसाड जागेतला आस्कंद आहे, कामोणी आहे, करवंद आहे, कुंपणाची मेंदी आहे, आणि सगळीकडे माजलेली घाणेरी तर आहेच. या गर्दीतून वाट काढायची तर पहिला प्रश्न फळाला नव्हे, पेऱ्याला विचारावा: एका पेऱ्यावर पाने किती? आपल्या झुडपाची पाने समोरासमोर जोडीने येतात, क्वचित एका पेऱ्यावर तीन. एवढ्यावरच कुंती, रातराणी, पांढरफळी आणि कामोणी बाहेर पडतात, कारण त्यांची पाने एकाआड एक. कुंतीचे तर पानच संयुक्त असते, कढीपत्त्यासारख्या दांड्यावर अनेक पर्णिका. त्यातली एक उजेडासमोर धरली तर तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळली तर लिंबाच्या कुळाचा वास येतो. आस्कंद मात्र इथे चकवा देऊ शकतो. त्याच्या फुलोऱ्याच्या फांद्यांवर पाने जोडीजोडीने आल्यासारखी दिसतात, पण जोडीतले एक पान मोठे आणि एक लहान असते. शिवाय त्याचे लाल फळ कागदासारख्या पातळ, फुगलेल्या वेष्टणात सैल बसलेले असते. एका खुणेवर निकाल देऊ नये तो यासाठीच. एक खूण दार उघडते, दुसरी आणि तिसरी खूण आत कोण आहे ते सांगते.

समोरासमोर पाने असलेली आता चार नावे उरली: करवंद, मेंदी, घाणेरी आणि हे आपले अनोळखी झुडूप. करवंदाचे पान तोडले की देठातून पांढरा चीक येतो. आपल्या झुडपात चीक नाही. मेंदीला काटे असतात, ती कुंपणालाही लावतात, म्हणून पान नीट न पाहणारा फसू शकतो. पण मेंदीचे फूल चार पाकळ्यांचे, फिकट आणि सुगंधी; तिचे फळ कोरडे, तपकिरी बोंड, त्यात बारीक बियांचा भुगा. गर म्हणून नाहीच. सगळ्यांत जवळचा संशयित म्हणजे घाणेरी, आणि ते बरोबरही आहे, कारण हे झुडूप आणि घाणेरी एकाच कुळातली आहेत. कोवळी फांदी दोघांचीही चौकोनी. पण घाणेरीचे पान खरखरीत, हाताला बोचणारे, आणि चुरगळताच त्याचा उग्र दर्प सुटतो. आपल्या झुडपाचे पान गुळगुळीत, जवळजवळ बिनवासाचे. घाणेरीच्या फुलांचे चपटे गेंद असतात आणि एकाच गेंदात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुले दाटीने बसतात. इथे लांब, लोंबता तुरा आहे. काट्यांतही फरक आहे आणि तो मला फार बोलका वाटतो: घाणेरीचे वाकडे काटे फांदीच्या कडांवर जिथे तिथे उगवतात, आपल्या झुडपाचा काटा, असलाच तर, पानाच्या बगलेतूनच निघतो. घाणेरीचे पिकले फळ काळेजांभळे, त्यात एकच आठळी.

इतके झाल्यावर फळाकडे जायला हरकत नाही. घोसातले एक फळ हातात घेतले तर ते सेंटिमीटरभराचे, गोल आणि चकचकीत दिसते, आणि त्याच्या टोकाला एक छोटी वाकडी चोच असते. ही चोच महत्त्वाची. नखाने तिच्यापासून सोलायला सुरुवात केली की लक्षात येते, आपण ज्याला फळाची साल समजत होतो ती साल नाहीच. फुलाच्या बुडाशी असलेला हिरवा, पाच दातांचा निदलपुंज फूल गळाल्यावर वाढत जातो, फळाला पुरते कवेत घेतो, पिवळा होतो आणि वर आवळून मिटतो. मिटलेल्या तोंडाची ती चोच. आतले खरे फळ थोड्या गराचे, आणि त्या गरात चार कठीण आठळ्या, प्रत्येकीत दोन बिया. म्हणजे शास्त्राच्या भाषेत हे मृदुफळही नव्हे, अश्मगर्भी फळ आहे. अजून फुले असतील तर एखादे फूल पाहावे: पाच निळसर जांभळ्या पाकळ्या, आणि त्यांतल्या दोहोंवर मधोमध गडद पट्टा. ही सगळी लक्षणे एकत्र एकाच झुडपात जुळतात. ते डुरांटा. मूळ मुलूख मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आणि कॅरिबियन बेटे. नाव सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्याच्या स्मरणार्थ. लिनियसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात या झुडपाला दोन वेगळ्या जाती समजून दोन नावे दिली होती. पुढच्या अभ्यासकांनी ती एकच ठरवली. झाडांना नावे देण्याची रीत ज्याने बसवली त्यालाही हे झुडूप एकदम उमगले नव्हते, हे लक्षात ठेवले की आपण घाई करत नाही.

मग इतकी वर्षे या कुंपणाला फळ का नव्हते? उत्तर कात्रीत आहे. डुरांट्याचा फुलोरा नव्या फांदीच्या शेंड्याकडे येतो, आणि छाटणीत नेमके शेंडेच जातात. भिंतीसारखे राखलेले कुंपण म्हणून बिनफुलाचे राहते. नर्सरीत जो सोनेरी पानांचा प्रकार 'गोल्डन डुरांटा' म्हणून मिळतो, त्याची पाने सावलीत हिरवट होतात, तेव्हा पानाच्या रंगावर विसंबणेही धोक्याचे. वनस्पतीची ओळख सांगणाऱ्या ग्रंथांत कुंजीची पद्धत असते: प्रत्येक पायरीवर दोनच पर्याय, त्यातला एक सोडायचा आणि पुढे जायचे. लामार्कने १७७८ मध्ये फ्रान्सच्या वनस्पतींसाठी ती वापरली, आणि आजही कुठल्याही जिल्ह्याच्या वनस्पतिकोशात तीच चालते. तिच्यात पान आणि फूल सतत विचारले जाते. फळाचा रंग फार थोड्या ठिकाणी. हा काही पंडितांचा हट्ट नाही. अनेक पिढ्यांच्या फसगतीतून आलेले ते शहाणपण आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे पुस्तकी झाले; आमच्या भागात झाडे ओळखणारी माणसे कमी आहेत का? आक्षेप खरा आहे आणि त्याचा मान राखायला हवा. यावल-चोपड्यापासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्या पावरा, भिल्ल आणि तडवी माणसांना रानातले झाड पान पाहून, साल पाहून, कधी नुसत्या वासावरून कळते. बिब्ब्याचेच घ्या. त्याचा पिकलेला नारिंगी गरदार भाग खायचा, त्याला चिकटलेल्या काळ्या बीचे तेल मात्र अंगाला लागू द्यायचे नाही, कारण त्याने कातडीवर फोड येतात. आणि त्याच बीच्या आतली गोडंबी पुन्हा खायची. एकाच फळाचे तीन भाग आणि तीन वेगळे नियम. हे ज्ञान रंगावरून आलेले नाही. ते झाडाच्या सर्व अवयवांशी आणि सर्व ऋतूंशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून आले आहे. म्हणजे जुना जाणकारही तेच करतो जे वनस्पतिशास्त्र करते, फक्त तो ते लिहून ठेवत नाही. पण डुरांटा हा त्या रानाचा रहिवासी नाही. तो नर्सरीच्या पिशवीतून आला, त्याच्याबरोबर आजीची गोष्ट आली नाही, औषध आले नाही, 'खाऊ नको' अशी ताकीद आली नाही. वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या 'औषधीसंग्रहा'सारखे ग्रंथ आपल्याकडच्या वनस्पतींचा गुणदोष सांगतात, तो आधार या बागेतल्या पाहुण्याला नाही. परंपरेचा भरवसा जिथे संपतो, नेमके तिथे पुराव्याचे काम सुरू होते. जाणकाराला न माहीत असलेल्या झाडाला जवळपासच्या झाडाचे नाव चिकटवणे हा त्या जाणकाराचाही अपमान आहे.

दुसरा आक्षेप फार जुना आहे: पाखरे खातात, मग माणसाला काय होते? बुलबुल डुरांट्याची फळे आवडीने खातात हे खरे. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोंडाईचा आणि नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या ढिगाशेजारी उभे राहिले तरी आपले डोळे पाणावतात, तीच मिरची पोपट मजेत खातो, कारण मिरचीतला तिखट घटक पाखरांना जाणवतच नाही. पाखराचे शरीर वेगळे, त्याचे पोट वेगळे, आणि गिळलेली आठळी बहुधा ते न फोडताच बाहेर टाकते. डुरांट्याच्या फळांत आणि पानांत सॅपोनिन वर्गातली विषारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी २००६ मध्ये नऊ कुत्र्यांना आणि एका मांजराला या झुडपाची विषबाधा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. गुंगी, उलट्या आणि झटके ही त्यातली लक्षणे. फळे खाऊन लहान मुले दगावल्याचेही दाखले आहेत. आपल्याकडे मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याची बातमी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावाहून येतच असते. तेही कुंपणाचेच झाड. मुलांनी शेंगदाण्यासारखे काही दिसले म्हणून खाल्ले, इतकेच. दिसण्यावरून केलेल्या ओळखीची किंमत तिथे मुले मोजतात, आणि म्हणून हा विषय मला नुसत्या हौसेचा वाटत नाही.

तिसरा आक्षेप नवा आणि सोयीचा: मोबाइल आहे ना. फोटो काढा, नाव येते. या साधनाला मी कमी लेखत नाही. पान, फूल आणि फांदी एकत्र दिसतील असा फोटो असेल तर ते बहुतेक वेळा योग्य दिशा दाखवते. पण लोक फोटो काढतात तो फळाच्या घोसाचा, कारण तोच नजरेत भरतो. म्हणजे सर्वांत कच्चा पुरावा देऊन पक्का निकाल मागितला जातो. शिवाय फोटोत वास येत नाही, चीक दिसत नाही, पानाचा खरखरीतपणा कळत नाही, आणि फळ फोडलेले नसते. पडद्यावर आलेले नाव ही फिर्याद समजावी, निवाडा नव्हे. ते नाव घेऊन पुन्हा झुडपापाशी जावे आणि वरच्या एकेक खुणेने ते तपासावे. खुणा जुळल्या तर यंत्राचे आभार. नाही जुळल्या तर झुडूप खरे, यंत्र चुकले.

आणि शेवटचा आक्षेप, जो कुणी तोंडाने बोलत नाही पण वागण्यातून दिसतो: नावाने काय फरक पडतो, शोभेचे झुडूप आहे, असू दे. याचे उत्तर घाणेरीने दिलेले आहे. तीही शोभेची म्हणूनच आली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बिया पेरल्या, आणि आज ती देशभरातल्या जंगलांत माजली आहे, आपला सातपुडाही त्यातून सुटलेला नाही. तिच्या खाली गवत वाढत नाही आणि तिची पाने खाल्लेल्या जनावरांना कावीळ होते. डुरांट्याची गत तशीच होईल असे मी म्हणत नाही. पण तोही ऑस्ट्रेलियात आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर बागेबाहेर पसरलेला आहे, आणि त्याच्याही बिया पाखरेच नेतात. घराच्या कुंपणात काय आहे हे ठाऊक असणे ही शेजाऱ्याबद्दलची आणि पलीकडच्या रानाबद्दलची जबाबदारी आहे. म्हणून झुडूप उपटून टाका, असेही माझे म्हणणे नाही. त्याच्या फुलांवर फुलपाखरे येतात, छाटणी सोसून ते दाट वाढते, घराला आडोसा देते. जिथे लहान मुले खेळतात, विशेषतः शाळा आणि अंगणवाडीच्या आवारात, तिथे ते लावू नये. इतरत्र ते नावानिशी असावे, एवढेच.

नाव मिळवायची सोय आपल्याकडे वाटते त्याहून चांगली आहे. धुळे-नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवर डी. ए. पाटील यांचा ग्रंथ २००३ मध्ये निघाला, जळगाव जिल्ह्याच्या वनस्पतींवर क्षीरसागर आणि पाटील यांचा २००८ मध्ये. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि घरोघरी नाहीत, पण ज्यांना ते वापरता येतात अशी माणसे जळगावच्या मूळजी जेठा, अमळनेरच्या प्रताप आणि धुळ्याच्या घोगरे विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागांत आहेत. त्यांच्याकडे नुसते फळ रुमालात बांधून नेऊ नका. वीतभर फांदी घ्या, तिच्यावर पाने, फुले आणि फळे तिन्ही असू द्या. ती वर्तमानपत्राच्या घडीत पसरून वजनाखाली दाबा, पावसाळा असेल तर कागद रोज बदला, नाहीतर बुरशी येते. फुलाचा रंग वाळल्यावर जातो, म्हणून तो ताजा असतानाच लिहून ठेवा. झुडपाची उंची, चीक आहे की नाही, वास कसा, जागा आणि तारीख तीही लिहा. नर्सरीवाल्यांना सांगणे आहे की रोपाच्या पिशवीवर किमतीबरोबर नाव चिकटवा आणि विषारी असेल तर तसे लिहा; गिऱ्हाईक त्याने तुटत नाही. आणि घरच्यांना एकच सांगणे: नाव कळेपर्यंत ते फळ कुणाच्याही तोंडात जाऊ देऊ नका. मुलाने खाल्लेच तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि निघताना त्या झुडपाची पाना-फुलांसकट एक फांदी बरोबर घ्या.